तुणतुणं नाही, किंगरी

नोकरीत हाताळलेले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता कुठल्या ठाण्यातला, हे आठवावं लागतं. ही एक फिर्याद मात्र अजून तशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ती द्यायला आलेली बाईही. त्या तपासात मी जे केलं त्याबद्दल मला तेव्हा बरंच ऐकून घ्यावं लागलं. आज तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

केळापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. अशा दिवसांत गावं दुपारभर रिकामी असतात. माणसं वावरात आणि घराला नुसती कडी. त्यामुळे दिवसाढवळ्या घरफोड्या होतात, आणि सकाळच्या हजेरीला मी बीट जमादारांना तेच बजावत असे. त्या दिवशी हजेरी आटोपून खुर्चीत टेकतो न टेकतो तोच बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी एका बाईचा आवाज चढला.

"तुणतुणं नाही म्हणते ना मी. खोडा ते."

अंमलदार वैतागला होता. "मावशी, तारायचं वाजवाचंच हाय ना ते? मंग तुणतुणं लिहिलं काय न् दुसरं काही लिहिलं काय, काय फरक पडते?"

"तुमची मोटरसायकल चोरीले गेली न् म्या सायकल लिहून घेतली, तर चालन काय?"

मी बाहेर आलो. बाई पन्नाशीच्या आसपासच्या, उंच, डोक्यावरचा पदर घट्ट खोचलेला. शेजारच्या गावातल्या परधान कुटुंबातल्या. आमच्या भागात गोंडांच्या कुळांचा इतिहास आणि त्यांच्या देवांची गाणी परधान लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. ते गाणं ज्या वाद्यावर गायलं जातं ती किंगरी या बाईंच्या घरातून चोरीला गेली होती. मी त्यांना बसायला सांगितलं आणि म्हणालो, "बाई, मला समजेल असं सांगा. तुणतुणं वेगळं कसं?"

"तुणतुण्याले एक तार राह्यते साहेब. ते बोटानं वाजवतेत, गाणाऱ्याच्या मांगं. किंगरी गजानं वाजते. तीन तारा, त्या बी लोखंडाच्या नाही, घोड्याच्या शेपटीच्या केसायच्या. सारी एकाच लाकडात कोरलेली, पोटावर बकरीचं कातडं. तुणतुणं गाण्याले साथ देते. किंगरी सोता गाते."

मी अंमलदाराला मजकूर नीट लिहायला लावला. त्यात बाईंवर उपकार नव्हता. फिर्यादीत वस्तूचं वर्णन चुकलं की पुढे माल सापडूनही तो गेलेलाच माल आहे हे कोर्टात सिद्ध करता येत नाही. आरोपीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

मग बाकीची हकीकत कळली. बाईंच्या वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी किंगरी मुलीला शिकवली आणि मरताना तिच्याच हाती दिली. भावकीतल्या पुरुषांना हे पटलं नव्हतं. देवासमोर बाईनं किंगरी धरायची म्हणजे काय, असं ते उघड बोलत. आता ती चोरीला गेल्यावर त्याच तोंडांनी गावभर सांगायला सुरुवात केली होती की चोरी-बिरी काही नाही, हिनंच विकून खाल्ली. पौषात देवाचा मेळा होता. त्यासाठी तेलंगणातून दुसरा गाणारा आणायचं ठरत होतं.

"किंगरी नाही भेटली तर मी रडीन न् गप बसीन," बाई म्हणाल्या. "पण म्या विकली, हे मी मरेपर्यंत ऐकून घेणार नाही. माह्या बापाचं नाव हाय त्याच्यात."

घटनास्थळ पंचनाम्यात फारसं काही हाती लागलं नाही. मागच्या दाराची कडी उचकटलेली होती. घरातलं धान्य, भांडी, एक चांदीचं कडं, सगळं जागेवर. गेली ती फक्त भिंतीवरची किंगरी. त्यावरून एवढं कळत होतं की चोर जे न्यायला आला होता तेच घेऊन गेला. म्हणजे कोणीतरी ती मागितली होती.

खबर मिळाली ती एका जुन्या भांड्यांच्या व्यापाऱ्याकडून. हा माणूस खेडोपाडी फिरून पितळ-तांबं विकत घ्यायचा. त्याच्याच धंद्यातला दुसरा एक दलाल त्याच्या गावांमध्ये घुसला होता, म्हणून त्याच्या पोटात दुखत होतं. तो म्हणाला, "साहेब, दिवाळीपासून तो दलाल गावागावात इचारून राह्यला होता, जुनी किंगरी कोनाच्या घरी हाय म्हणून. त्याचा सारा माल हायवेवरच्या हॉटेलात जाते." खबर देणाऱ्याचा हेतू चांगला नसला म्हणून खबर खोटी ठरत नाही. उलट मत्सरानं आलेली खबर बहुधा पक्की असते, कारण तो माणूस दुसऱ्याच्या पाळतीवर असतो.

हायवेवरचं ते हॉटेल मोठं होतं. मालक तालुक्यातलं वजनदार प्रस्थ, सगळ्या पक्षांच्या लोकांची तिथे ऊठबस. हॉटेलशेजारी त्यानं एक दालन बांधलं होतं. दगडी जाती, कोरीव दारं, नांगर, मुखवटे आणि भिंतभर वाद्यं. पंच घेऊन मी तिथे पोचलो. वाद्यांच्या रांगेत, वर्णनाशी जुळणारं, गजानं वाजवायचं एक वाद्य टांगलेलं होतं. खाली पाटी होती : चिकारा, राजस्थान.

मालकानं चहा मागवला आणि हसत मला विचारलं, "फिर्यादीत काय लिहिलंय साहेब?"

"तीन तारा, घोड्याच्या केसांच्या."

"मग बघा ना. या पोलादी तारा आहेत. शिवाय खालून बारीक झंकाराच्या तारा वेगळ्या. खुंट्या किती आहेत पाहा. चिकारा आणि किंगरी लांबून सारखेच दिसतात. तुमची चूक नाही. पण माझ्या पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही."

तो बोलला ते वरवर पाहता खरं होतं. चिकाऱ्यालाही लाकडाचं कोरलेलं पोट असतं, त्यावरही कातडं असतं, तोही गजानंच वाजतो. फरक तारांचा, खुंट्यांचा आणि आवाजाचा. बाईंनी अचूक लिहून दिलेलं वर्णनच आता मालकाच्या कामी येत होतं. तरी मी वाद्य जप्त केलं. ओळख पटवणं फिर्यादीचं काम आहे, मालकाचं नाही, असं त्याला सांगितलं. चहा तसाच टेबलावर राहिला.

मी ठाण्यात पोचायच्या आत वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर बाईंना वाद्य दाखवलं. बाईंनी ते मांडीवर घेतलं, गज ओढला. पोलादी तारांचा बारीक, चिरका आवाज निघाला. त्यांनी पुन्हा एकदा ओढून पाहिलं, हात फिरवला, आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

"हे माहं नाही."

माझा अंमलदार कळवळून म्हणाला, "मावशी, नीट पाहा. हो म्हणा न् घेऊन जा. तुमचं बी काम होते न् आमचं बी."

"काहून म्हणू? माह्या किंगरीचा आवाज घोगरा होता, माणसासारखा. हे कोकलते. दुसऱ्याचं मले नको."

संध्याकाळी वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं. "बाई स्वतः नाही म्हणते. मग अडलंय कुठे? त्याचा माल त्याला परत करा आणि गुन्हा 'अ' समरी पाठवा." खरा गुन्हा, पण तपास लागला नाही, म्हणून फाईल बंद करण्याचा तो रस्ता.

मी म्हणालो, "सर, तपास अपूर्ण आहे. बंद करायचा असेल तर तसा लेखी आदेश द्या. तो मी कागदांना जोडीन."

लेखी आदेश आला नाही.

मी अडून का बसलो, याचं कारण सांगतो. त्या बाईला गावानं खोटारडी ठरवलं होतं. पोलीस समोर वाद्य धरून 'हो म्हणा' म्हणत होते. एक 'हो' म्हणाली असती तर तोंडं बंद झाली असती, मेळ्यात मान राहिला असता. तरी ती नाही म्हणाली. जी बाई एवढ्या फायद्यासाठी खोटं बोलत नाही, ती चोरीबद्दलही खोटं बोललेली नाही, अशी माझी खात्री झाली. आणि तिच्या नकारानंतर हॉटेलच्या मालकानं स्वस्थ बसायला हवं होतं. तो बसला नाही. त्याच आठवड्यात त्याची जीप बाईंच्या दारात गेली. आत नवी कोरी किंगरी, वर शाल-श्रीफळ. मालकाला लोककलेचा कळवळा आहे, म्हणून भेट. बाईंनी ती किंगरी पुन्हा जीपमध्ये नेऊन ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "त्याईले सांग, म्या चोरीची फिर्याद देल्ली हाय, मदतीचा अर्ज नाही केला."

निर्दोष माणूस अशा भेटी पाठवत नाही.

जीप परत गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी, मुद्देमालाला पुन्हा सील लावण्यापूर्वी मी ते वाद्य खिडकीपाशी नेऊन पाहिलं. पोट, मान, सगळं लाकूड हातांनी आणि चुलीच्या धुरानं जुनाट, मंद झालेलं. फक्त वरचं टोक चकाकत होतं. त्यावर अंगठा घासला तर अंगठा काळा झाला. वास घेतला. बूट पॉलिशचा वास ओळखायला पोलिसाला तज्ज्ञाची गरज नसते. फडक्यानं थोडं पुसल्यावर खाली पांढरं, ताजं लाकूड दिसलं, आणि त्यावर करवतीच्या रेघा.

पंच बोलावून मी तिथेच पंचनामा केला, फोटो काढले. पण बाईंना त्यातलं काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी जाऊन फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या किंगरीच्या टोकाला काही होतं का?"

"मोर होता. माह्या आज्यानं कोरला होता. चोच जराशी तुटलेली."

"फिर्यादीत सांगितलं नाहीत."

"इचारलं कोनं? तुमचा माणूस तुणतुणं लिहून राह्यला होता. तेच दुरुस्त करण्यात माहा जीव गेला."

मी त्यांचा पुरवणी जबाब घेतला आणि त्यावर सही घेतली. मोर सापडायच्या आधी मोराचं वर्णन कागदावर येणं गरजेचं होतं. नंतर घेतलं असतं तर पोलिसांनीच पढवलं म्हणायला वकील मोकळा.

आता दलालाची पाळी होती. त्याला नेरहून आणलं. माणूस मुरलेला. राजस्थानच्या एका फेरीवाल्याकडून चिकारा घेतला, हॉटेलला दिला, एवढं पाठ करून आला होता. मारहाणीनं असली पाठांतरं मोडत नाहीत. उलट पक्की होतात, हा माझा अनुभव. मी त्याच्यासमोर वाद्य ठेवलं, शेजारी काळ्या पॉलिशची डबी ठेवली, आणि माझ्या कागदांत डोकं घातलं. त्याला एक प्रश्न विचारला नाही.

तो डबीकडे पाहायचा, वाद्याच्या टोकाकडे पाहायचा, मग माझ्याकडे. पाणी मागितलं, ते दिलं. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"साहेब, म्या नाही कापलं ते."

मी मान वर केली. "काय नाही कापलं?"

त्याचा चेहरा उतरला. ठाण्यात आल्यापासून त्याच्याशी कापण्याबद्दल कोणी शब्द काढला नव्हता.

पुढचं त्यानं भडाभडा सांगितलं. चोरी त्यानंच केली होती. मालकाला जुनी किंगरी हवी होती, नवी चालणार नव्हती. पण वस्तू पाहिल्यावर मालक घाबरला. हॉटेलात काम करणारी पोरं इथल्याच गावांची. मोराची किंगरी भिंतीवर दिसली की चार दिवसांत बोभाटा होईल. मग तो दलालाला म्हणाला, "याचं असं काही करून आण की तिच्या घरच्यालाही ओळखू येऊ नये." दलालानं ती नेरमधल्या एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यानं केसांच्या तारा काढल्या, जादा खुंट्यांसाठी भोकं पाडली, पोलादी तारा ओढल्या आणि मोर करवतीनं उतरवला.

त्यानं सांगितलेलं ठिकाण पंचांसमोर लिहून घेऊन, म्हणजे मेमोरंडम पंचनामा करून, आम्ही त्या दुकानात गेलो. माझी धास्ती अशी की एवढासा लाकडाचा तुकडा चुलीत गेला असेल. दुकानदार वयस्कर माणूस होता. चोरीचा माल आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते खरं वाटलं. त्यानं निमूटपणे फळीवरून मोर काढून दिला. "इतका कोरलेला जीव फेकवला नाही साहेब," म्हणाला. चोच जराशी तुटलेली होती.

पंचांसमोर तो मोर वाद्याच्या टोकावर ठेवला. लाकडाच्या रेषेला रेष मिळाली. करवत मध्ये एकदा घसरली होती, ती खाच वर आणि खाली दोन्हीकडे सारखी. बाईंना बोलावलं. त्यांनी जुळलेला मोर पाहिला, तुटक्या चोचीवरून अंगठा फिरवला. मग पोलादी तारेवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणून वळखली नाही म्या. तिचा गळाच कापला होता."

मालकाला अटक केली तेव्हा ठाण्यासमोर गाड्यांची रांग लागली. फोन इतके आले की मी तो चार्जिंगला लावून बाजूला ठेवला. एका पुढाऱ्यानं समजावलं, "एका खेळण्यासाठी एवढ्या मोठ्या माणसाला आत टाकता?" मी म्हणालो, "खेळणं असतं तर त्यांनी ते चोरून का आणलं असतं?" दोषारोपपत्र दाखल करून मी मोकळा झालो, आणि थोड्याच दिवसांत माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. बदलीच्या आदेशात कारण लिहायची पद्धत नाही.

जाण्याआधी एक काम मी करून घेतलं. बाईंनी किंगरी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मागितली होती. मालकाच्या वकिलानं हरकत घेतली, की हा पुरावा आहे, खटला संपेपर्यंत मालखान्यातच राहावा. मी कोर्टाला सांगितलं की सगळे फोटो आणि मोजमापं झालेली आहेत, केसांच्या तारा पुन्हा ओढल्या तरी पुरावा कमी होत नाही, आणि मालखान्यातले उंदीर मात्र बकरीचं कातडं नक्की कमी करतील. कोर्टानं मागणी मंजूर केली. अट एवढीच, की निकाल लागेपर्यंत मोर जोडायचा नाही, कारण तो काप हाच मुख्य पुरावा.

पौषातल्या मेळ्याला मी साध्या कपड्यांत गेलो होतो. बाईंनी नवे केस ओढले होते. तेलंगणातला गाणारा आलेला होता आणि भावकीतले चार जण त्याच्याभोवती बसले होते. बाई कोणाची परवानगी न मागता पुढे जाऊन बसल्या. मोर त्यांनी पळसाच्या पानावर देवापुढे ठेवला, बोडक्या टोकाची किंगरी खांद्याला टेकवली आणि गज ओढला. खर्जातला, घोगरा आवाज. गोंडी मला फारशी येत नाही, पण ज्या कुळाचा तो देव होता त्या कुळातली म्हातारी माणसं एकेक करून सरकत त्यांच्या बाजूला येऊन बसली. तेलंगणाच्या गाणाऱ्यानं आपली किंगरी खोळीत घातली आणि तोही ऐकत बसला. त्यानंतर बाईंनी विकल्याची गोष्ट कोणी काढली नाही.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. उलटतपासणीत वकिलानं बाईंचा पहिला नकार बाहेर काढला. मला त्याचीच भीती होती.

"पोलिसांनी वाद्य दाखवलं तेव्हा तुम्ही 'हे माझं नाही' म्हणालात. खरं की खोटं?"

"खरं."

"आणि आज म्हणता, हे माझं आहे. मग दोन्हीपैकी खोटं कोणतं?"

"कोणतंच नाही," बाई म्हणाल्या. "तवा ते माहं राह्यलंच नव्हतं. माह्यासारखं दिसू नये म्हणूनच तर तुमच्या मालकानं कापलं. त्यानं कापलं ते बरोबर कापलं, म्हणून म्या वळखलं नाही. हे खोटं कसं?"

पुढे निकाल लागला. दलालाला चोरीची आणि मालकाला चोरीचा माल घेतल्याची शिक्षा झाली. मालक अपिलात गेला, जामिनावर सुटला आणि हॉटेल अजून चालू आहे. ते दालनही आहे. त्याचं मला आश्चर्य वाटत नाही. पण कोर्टाच्या निकालपत्रात त्या वाद्याचं नाव किंगरी असं आहे, आणि तेवढं पुसायची ताकद त्याच्या कुठल्याही ओळखीत नाही.

निकालानंतर मी बाईंच्या गावी गेलो होतो. तोवर मी निवृत्त झालो होतो. आता मोर जोडायला हरकत नव्हती, म्हणून मी विचारलं, एखादा चांगला कारागीर पाहू का.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "जोडला तर उद्या लोक म्हणतीन, काही झालंच नव्हतं. दिसू द्या कापलेलं. कोनी इचारलं का मी सांगते."

या प्रकरणानं मला साक्षीदार ओळखायला शिकवलं. पोलिसाला 'हो' म्हणणारी माणसं आवडतात, कारण 'हो'नं फाईल पुढे सरकते. माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना मी शेवटपर्यंत सांगत आलो की ठाण्याच्या टेबलाशी उभं राहून, स्वतःचं नुकसान करून घेऊन जो तुम्हाला 'नाही' म्हणतो, त्याला घरी पाठवू नका. त्याला खुर्ची द्या आणि तपास तिथून सुरू करा. वरून कोणाचाही फोन आला तरी.